माझी किडनी, लहानूचं रक्त

१४ जून १९८७, रविवार. आरमोरी

खताच्या दुकानदारानं जानेवारीत दिलेली ही डायरी. वर युरियाचं पोतं आणि हसणारा शेतकरी. आजपर्यंत कोरीच पडली होती. आज उघडली, कारण डोक्यात नुसता कालवा चालला आहे आणि तो ऐकवायचा कुणाला? शाळेत बोलावं तर गावभर होतं. घरी रुखमाशी बोलावं तर ती चुलीकडे तोंड करून बसते.

कुणा तिऱ्हाइताच्या हाती पडली तर त्याला कळावं म्हणून लिहून ठेवते. मी शकुबाई, इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले ती आलेच, परत गेले नाही. लहानू माझा धाकटा भाऊ, एसटीत कंडक्टर. रुखमा त्याची बायको. मागच्या वर्षी लहानूच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. जानेवारीत मुंबईच्या दवाखान्यात माझी डावी काढली आणि त्याला बसवली. उन्हाळा लागता लागता आम्ही घरी आलो. लहानूचं तोंड गोळ्यांनी पुरीसारखं फुगलं आहे, पण माणूस चालतो-फिरतो आहे. मी रोज सकाळी त्याला विचारते, "काय म्हणते माझी किडनी?" तो म्हणतो, "मजेत हाये."

इथवर सगळं सरळ. गोंधळ पुढे आहे.

आता नागपूरचे डॉक्टर त्याला बघतात. काल त्यांनी पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या म्हणजे शरीराचे सैनिक. बाहेरचं काही आत आलं की त्याच्यावर तुटून पडतात. लहानूच्या सैनिकांना माझी किडनी परकी वाटते. म्हणून पिवळी गोळी देऊन त्यांना गुंगीत ठेवायचं. गोळी जास्त झाली तर सैनिक मरतात, मग साधा खोकलाही लहानूला घेऊन जाईल. कमी झाली तर जागे होतात आणि किडनी खातात. म्हणून दर आठवड्याला ब्रह्मपुरीला भैयाजीच्या लॅबमध्ये रक्त देऊन पेशी मोजायच्या.

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, परकी कशी? आम्ही एका मायचं दूध प्यालो."

ते म्हणाले, "बाई, रक्ताला नातं कळत नाही."

असं कसं कळत नाही? मग आजवर आम्ही रक्ताचं नातं, रक्ताचं नातं म्हणत आलो ते काय? परतीच्या गाडीत उमरेड येईपर्यंत मी यावर विचार केला आणि मग डोकं दुखायला लागलं.

२८ जून, रविवार

शाळा सुरू झाली. पोरी मलाच विचारतात, "बाई, तुमचं पोट दाखवा ना." दिली एकीला ठेवून.

गाव काही ऐकत नाही. किडनी बसवलेला माणूस बघायला लोक अजून येतात. बरं, दारातून बघून जावं की नाही? खाटेवर टेकतात, हात हातात घेतात, वर शिंकतात. डॉक्टरांनी गर्दी नको म्हणून बजावलं आहे. रुखमा दारातच उभी राहते आणि सांगते, "झोपले हायेत." शेजारच्या मुखरूभाऊला तर तिनं आज अंगणातूनच वाटेला लावलं. म्हातारा माणूस, वाईट वाटलं असेल.

लहानू आत बसून हे सगळं ऐकत होता. पूर्वीचा लहानू असता तर स्वतःच ओरडला असता. त्याच्या गाडीत त्याचं एकच वाक्य चालायचं, "जागा नाई, मागची गाडी पाहा!" दाराला लोंबकळणारा सरपंच असो की सासुरवाडीचा पाहुणा, लहानूनं नाही म्हटलं की नाही. वडसा ते गडचिरोली लोक त्याला टरकून असायचे.

ऑपरेशननंतर मात्र पोरगा फार गुणाचा झाला आहे. मी म्हणेन ते ऐकतो. उकाड्यात स्वेटर घाल म्हटलं, घातला. कंडक्टरकी पुरे, डेपोत बसून करायचं काम मागून घे म्हटलं, तर म्हणाला, "बरं बाई." दुधाच्या वासानं पळायचा, आता दुसरा पेला पुढे केला तरी पितो. रुखमा हे बघते आणि भांडी आपटते. मत्सर, दुसरं काय! मी माझ्या पोटातला अवयव दिला, हिनं काय दिलं?

वाईट लिहिलं. पण इथे खरं तेच लिहायचं असं ठरवलं आहे, तर राहू दे.

११ जुलै, शनिवार

पावसाचा पत्ता नाही. धानाचे पऱ्हे, रोवायची रोपं, जागच्या जागी पिवळे पडून राहिले आहेत.

काल भैयाजीनं कागद हातात दिला. पांढऱ्या पेशी दोन हजार नऊशे. चार हजारांच्या खाली जायला नको असं त्यानंच मागे सांगितलं होतं. मी म्हटलं, "भैयाजी, चुकून कमी मोजल्या नसतील?"

"बाई, दोनदा मोजल्या. या, तुम्हीच पाहा." त्यानं मला उठून जागा दिली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर जांभळे ठिपके, एक इथे, एक तिथे, मध्ये सगळं मोकळं रान. मी शोधत बसले, यातला माझ्यावर दात धरून बसलेला कोणता? एकही ओळखू येईना. सगळे सारखे गरीब दिसत होते.

आज तसेच नागपूरला गेलो. आत पेशंटबरोबर एकालाच सोडतात. मी उठणार तेवढ्यात रुखमा पुढे झाली. किडनी कुणाची, आत जाणार कोण! बराच वेळ दोघं आत होती. बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणाले?"

लहानू म्हणाला, "पिवळी गोळी कमी केली."

"आणखी?"

त्यानं रुखमाकडे पाहिलं. "आणखी काई नाई, बाई."

गाडीत तो खिडकीला डोकं टेकून झोपला. दुपट्ट्यानं नाक-तोंड बांधलेलं, वर नुसते डोळे. मला भीती वाटली. सैनिक मेले म्हणजे आता घराला दारच नाही. कुणीही यावं आणि घेऊन जावं.

१२ जुलै, रविवार

सकाळी कुंपणाशी मुखरूभाऊ भेटला. त्याला सगळं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "शिपाई मरून राह्यले तं त्याईले खायाले द्या ना वं बाई. निंबावरची गुळवेल हाये ना तुमच्याच वाडीत."

मला माझंच हसू आलं. इतके दिवस सुचलं कसं नाही! आमची माय प्रत्येक तापाला गुळवेलच द्यायची. या गावातलं कोणतं पोरगं गुळवेलीवाचून वाढलं? अंगात ताकद येते, रक्त सुधारतं. आणि ते काही औषध नाही की डॉक्टरला विचारत बसावं. मी बोटाएवढ्या जाडीची वेल कापली, ठेचली, पाणी निम्मं होईपर्यंत उकळली.

रुखमा म्हणाली, "डॉक्टरले विचारून घ्या ना, बाई."

"चहा पाजताना विचारतेस का?"

मी लहानूच्या हातात पेला दिला. तो बराच वेळ पेल्यातच बघत राहिला. मग रुखमाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग डोळे मिटले आणि एका दमात पिऊन टाकला.

मी म्हटलं, "कडू आहे, पण गुणाचं आहे."

तो म्हणाला, "तू देतेस ना, मंग झालं."

२ ऑगस्ट, रविवार

चार हजार आठशे! भैयाजी स्वतःच लॅबच्या दारापर्यंत सांगायला आला. मी रस्त्यात उभी राहून टाळी वाजवली, लोक बघायला लागले. बघेनात का.

पाऊसही आला एकदाचा. उशिरा का होईना, रोवणी सुरू झाली. शाळेत अर्ध्या पोरी नाहीत, सगळ्या चिखलात. येताना बांधावर उभी राहून बघत होते. पऱ्हे एका बांधीतून उपटतात, दुसऱ्या बांधीत रोवतात. चार दिवस मान टाकतात, मग उभे राहतात. ती दुसरी बांधी कधी म्हणते का, तू परका, निघ इथून? धानाला जमतं ते माझ्या भावाच्या रक्ताला का जमू नये? डॉक्टरला विचारायला हवं. पण तो पुन्हा म्हणेल, रक्ताला कळत नाही. त्याच्या रक्ताला काहीच कसं कळत नाही कोण जाणे!

काढा चालू आहे. सकाळी एक पेला. मी शाळेत जाण्याआधी माझ्यासमोर पितो.

१६ ऑगस्ट, रविवार

आज घरात भांडण. मी आंघोळीला गेले होते. परत आले तर मोरीत हिरवट पाणी आणि रुखमाच्या हातात रिकामा पेला. ओतून दिला होता.

"हे काय केलंस?"

"सांडला."

"सांडला की सांडवला?"

ती म्हणाली, "बाई, त्याईची गोळी चालू हाये, ते पुरे हाये. काऊन जबरदस्ती करून राह्यल्या?"

जबरदस्ती! मी आजवर कुणावर जबरदस्ती केली? मग माझी जीभ सुटली. मी म्हटलं, "तुझ्या पोटातून नाही काढली, म्हणून तुला काही वाटत नाही." रुखमाचं तोंड पांढरंफटक झालं. ती आत गेली.

लहानू खाटेवर बसून सगळं ऐकत होता. म्हणाला, "बाई, दुसरा कर. पितो मी." मी केला. तो प्यायला. मला वाटलं, चला, भाऊ तरी माझ्या बाजूनं आहे. पण दिवसभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. जिंकूनही असं हरल्यासारखं का वाटतं आहे?

६ सप्टेंबर, रविवार

आता मात्र माझं डोकं चालेनासं झालं आहे.

पेशी सात हजार सहाशे. भैयाजी म्हणतो, एकदम नॉर्मल. म्हणजे सैनिक भरपूर, घराला दार आहे, सगळं चांगलं. मग लहानूचे पाय का सुजले? लघवी का कमी झाली? जिथे किडनी बसवली आहे तिथे हात लावला तर तो विव्हळतो. क्रिएटिनिन नावाचा एक घाण पदार्थ रक्तात असतो, किडनी त्याला बाहेर टाकते. तो जुलैत बरा होता, आता दोनच्या वर गेला. भैयाजीनं कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "बाई, उशीर नका करू, नागपूरले न्या." गुरुवारची वेळ मिळाली आहे.

एक कागद म्हणतो छान, दुसरा म्हणतो वाईट. कोणाचं ऐकू?

दुपारी मला भलताच विचार आला आणि तो जात नाही. डॉक्टर म्हणतात रक्ताला कळत नाही. पण समजा कळत असेल? समजा लहानूच्या मनातच माझ्याविषयी काही असेल, म्हणून त्याचे सैनिक माझ्यावर उठत असतील? मी नवरा सोडून आले तेव्हा लोक त्याला नाही नाही ते बोलले. त्याच्या लग्नाला माझ्यामुळे उशीर झाला. मी घरात सगळ्यांना हुकूम सोडते हेही खरं आहे. मी सरळ जाऊन विचारलं, "लहानू, तुला माझा राग आहे का?"

तो दचकला. "काऊन वं बाई? तू तं माय हायेस माही."

"मग तुझं रक्त माझ्यावर का उठतं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं तो घाबरला आहे. आजपासून काढा दोन वेळा करते आहे. संध्याकाळचा दिला, तोही प्यायला. रुखमा भिंतीकडे तोंड करून रडत होती.

११ सप्टेंबर, शुक्रवार. नागपूर

काल दाखवलं आणि लगेच भरती करून घेतलं. किडनीवर हल्ला झाला आहे असं डॉक्टर म्हणाले. सैनिक जागे झाले. सुईतून जोराचं औषध चालू आहे, त्यांना पुन्हा झोपवायला. किडनी वाचेल का विचारलं तर म्हणाले, "बघू." मला हे बघू सहन होत नाही.

वॉर्डात बाहेरचं खाणं-पिणं चालत नाही. मी बाटलीत काढा आणला होता, पिशवीतच राहिला.

१२ सप्टेंबर, शनिवार. नागपूर

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मला तरी कळेल.

सकाळी डॉक्टर फेरीला आले. खाटेशी मी आणि रुखमा. त्यांनी लहानूला विचारलं, "गोळ्या चुकवल्या होत्या का?"

"नाई साहेब."

"दुसरं काही घेत होता? काढा, चूर्ण, टॉनिक?"

"नाई साहेब."

मला नवल वाटलं. खोटं कशाला बोलतो? गावंढळ म्हणतील म्हणून लाजतो की काय? मी म्हटलं, "नाही कसं? मी देते ना रोज, गुळवेलीचा. निंबावरची ताजी. त्यानंच तर त्याच्या पेशी वाढल्या!" चांगलं अभिमानानं सांगितलं मी.

डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. माझ्याकडे न बघता लहानूला म्हणाले, "तुम्हाला जुलैतच सांगितलं होतं ना, कोणतीही जडीबुटी घ्यायची नाही म्हणून? या तुमच्या बायकोसमोर?"

लहानू भिंतीकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "पण डॉक्टरसाहेब, ते तर सैनिकांना ताकद देतं."

"बाई," ते म्हणाले, "त्यांना ताकद नकोच तर होती."

मग ते खुर्ची ओढून बसले. रागावले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. म्हणाले, "हे काढ्यानंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. मीही गोळी कमी केली होती. पेशी वाढल्या म्हणून मलाही बरं वाटलं होतं. आम्ही नुसत्या मोजतो, कोण जागा आणि कोण झोपलेला हे इथे कळायची सोय नाही. अमेरिकेत लिव्हर बदललेल्या माणसांच्यासुद्धा पांढऱ्या पेशी जातवार वेगळ्या करून बघतात, कोण हल्ला करणारी, कोण आवरणारी. आपण अंदाजानं चालतो."

जातवार म्हटल्यावर माझ्या कपाळावर आठी आली. आमच्या बापानं छप्पन साली जात टाकून दिली आणि ही रक्तात बसून आहे! पण ते असो. लिव्हरसुद्धा बदलतात, हे ऐकून मी गारच पडले. त्या माणसांच्या बहिणी काय पाजत असतील त्यांना?

डॉक्टर गेल्यावर मी रुखमाला धरून व्हरांड्यात आणलं. "तुला माहीत होतं? जुलैपासून?"

"हो."

"आणि त्याला?"

"त्याईलेच तं सांगितलं होतं."

"मग प्यायला कशाला? तू बोलली का नाहीस?"

आणि मग रुखमा, जी या घरात आल्यापासून माझ्यापुढे मान वर करून बोलली नाही, ती बोलली. "मी बोलली नाई? मी ओतून देल्ला तं तुम्ही मले काय म्हटलं? तुम्ही किडनी देल्ली, बाई. तुम्हाले या घरात नाई कोण म्हणन? मी त्याईच्या पाया पडली, नका पिऊ म्हणून. म्हणे, जिनं पोट फाडून देल्लं तिचा पेला कसा परत करू? त्याईचं रक्त तरी नाई म्हणते तुम्हाले. तोंड म्हणत नाई."

व्हरांड्यात खूप लोक होते, मी तिथल्याच बाकावर बसले. पिशवीतली बाटली मांडीला लागत होती.

१७ सप्टेंबर, गुरुवार. नागपूर

लघवी वाढली. क्रिएटिनिन थोडं उतरलं. डॉक्टर म्हणाले, किडनी पूर्वीसारखी होईल असं नाही, पण काम करेल असं दिसतंय. मी त्यांच्या पाया पडायला निघाले, त्यांनी पडू दिलं नाही.

दुपारी रुखमा खाली जेवायला गेली तेव्हा लहानूशी भांडले. रागच इतका आला होता. "मेल्या, जीव गेला असता ना रे! एक नाही म्हणायला काय झालं होतं? गाडीतून सरपंचाला उतरवणारा तू!"

तो म्हणाला, "सरपंचानं मले किडनी देल्ली नव्हती."

"मी दिली ना! दिली म्हणजे दिली. तुझी झाली ती."

तो छताकडे बघत म्हणाला, "तू रोज सकाळी काय विचारतेस, बाई? काय म्हणते माझी किडनी, म्हणून. मले कसा हायेस म्हणून नाई विचारत. मले वाटे, मी काय, दुसऱ्याचं सामान सांभाळून राह्यलो. ज्याचं सामान तो सांगन तसं ठेवा."

मी गमतीनं विचारायचे रे! गमतीनंच विचारायचे. का नाही? आता इथे बसून आठवते आहे आणि मला सांगता येत नाही. मी दिली होती, हे खरं. पण सोडली होती का, ते माहीत नाही. पोट शिवल्यावरही मी तिच्या मागे मागे फिरत होते, हुकूम सोडत, पेले भरत. आणि तो बिचारा पीत होता, आणि मी लिहीत होते की पोरगा गुणाचा झाला. मागची पानं वाचली आणि लाज वाटली.

पण एक अजून समजत नाही. मी त्याचं वाईट कधी चिंतलं? एकदाही नाही. मग चांगलं चिंतून असं कसं झालं? याचं उत्तर डॉक्टरकडेही नाही आणि भैयाजीच्या काचेखालीही नाही.

४ ऑक्टोबर, रविवार. आरमोरी

घरी आलो. पिवळी गोळी वाढवली, तोंड फुगवणारी पांढरीही वाढवली. लहानूचं तोंड आणखी फुगलं. पेशी चार हजार दोनशे. मी टाळी वाजवली नाही. आता वाढल्या तरी घाबरते, कमी झाल्या तरी घाबरते.

सकाळी कोयता घेऊन निंबाची गुळवेल बुडातून कापली. मुखरूभाऊ कुंपणापलीकडून म्हणाला, "बाई, ते मरत नाई. वरून दोरे सोडते, मातीले लागले का पुन्हा धरते." म्हटलं, सोडू दे, मी पण रोज बघायला येते. त्याला सगळं सांगितलं नाही. त्यानंही चांगलंच चिंतलं होतं.

रुखमाला मी म्हटलं, "त्या दिवशी पोटावरून बोलले ते चुकलं." ती म्हणाली, "असू द्या, बाई." आणि मग, "पण चुकलंच होतं." बरं वाटलं मला.

आता सकाळी विचारते, "कसा आहेस?" पहिल्या दिवशी दोघंही अवघडलो.

१८ ऑक्टोबर, रविवार

परवा चंद्रपूरला जाऊन आले, दीक्षाभूमीवर. दरवर्षी आम्ही सगळे जातो. यंदा मी लहानूला "चल" म्हटलं नाही. "गर्दी असते, तू आणि रुखमा ठरवा" म्हटलं. दोघांनी ठरवलं, मी एकटीच गेले. लाखो माणसांत उभी राहून पांढऱ्या साड्या बघत होते आणि मनात आलं, इतक्यांत एक लहानू नाही, तेच बरं आहे.

आज सुट्टी, म्हणून धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानाच्या वड्या केल्या. लहानूला लहानपणापासून जीव की प्राण. त्याला चार वाढल्या, त्यानं खाल्ल्या. मी सवयीनं परात घेऊन पुन्हा गेले. म्हटलं, "अजून दोन घे, तुझ्यासाठीच केल्या."

त्यानं ताटावर हात आडवा धरला. "नाई पाहिजे, बाई."

मी तशीच उभी. परातही मागे घेतली नाही, तोंडातून आलंच, "अरे एक तरी."

आणि तो, नऊ महिने घशातून आवाज न निघालेला माणूस, वडसा ते गडचिरोली ऐकू जाईल असा ओरडला, "जागा नाई! मागची गाडी पाहा!"

रुखमाच्या हातातला तांब्याच पडला. लहानू स्वतःच दचकला, माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी चिडते की काय म्हणून. मी चिडले नाही. मी परात घेऊन चुलीपाशी आले आणि पदर तोंडात कोंबून हसले, मग रडले, नक्की काय करते आहे तेही कळेना. रुखमा मागून आली. तिनं परात माझ्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि म्हणाली, "बसा, आपण दोघी खाऊ."

बसलो आणि खाल्ल्या.